धंद्यासाठी जुनी गाडी घेताय? आधी इंजिन ऑइल बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या मोटरसायकलचं ऑइल कसं तपासायचं आणि कसं बदलायचं ते आपण पाहिलं. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे आकडेमोड आहे.

आपल्या भागात नवीन धंदा करणाऱ्याची पहिली मोठी खरेदी बहुतेक वेळा जुनी गाडीच असते. रिद्धपूरहून मोर्शी, चांदूर बाजारच्या दुकानांत माल टाकायचा असो, यात्रेच्या दिवसांत प्रसादाचं सामान आणायचं असो, नाहीतर मराठी भाषा विद्यापीठाच्या पोरांना डबे पोचवायचे असोत, गाडीशिवाय चालत नाही. शोरूमची गाडी परवडत नाही, मग कुणाची तरी एमएच-२७ नाहीतर एमएच-३० पासिंगची स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन घेतली जाते. घ्या ना, काही वाईट नाही. पण एक समजून घ्या, ती गाडी आता फिरायची गाडी राहिली नाही. टेलरची जशी शिलाई मशीन, तशी ती तुमची मशीन आहे. आपले आजोबा वंगण घातल्याशिवाय बैलगाडी बाहेर काढत नव्हते. आपण मात्र पेट्रोल टाकतो आणि निघतो. १९८० च्या दशकात हिरो होंडा सीडी १०० ची जाहिरात होती, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ती पेट्रोलच्या टाकीबद्दल होती, भाऊ, ऑइलबद्दल नव्हती!

घेण्याआधी काय बघायचं

विकणारा एक वाक्य हमखास बोलतो, "ऑइल आत्ताच टाकलंय." त्यावर वाद घालू नका, स्वतः बघा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनजवळ हात नेऊन पाहा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी गाडी तापवून ठेवली आहे. का तापवली, ते विचारा. थंड गाडी किती किकमध्ये उठते आणि उठताना मागून काय निघतं, यातच अर्धी माहिती मिळते. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर इंजिन ऑइल खात आहे. चालू करताना भपकन धूर आला आणि मग थांबला, तर बहुतेक वॉल्व्हचं सील गेलंय, ते काम तसं कमी खर्चाचं. एक्सलेटर दिला की प्रत्येक वेळी धूर येत राहिला तर रिंग-पिस्टनकडे बोट जातं. ते काम मोठं.

मग ऑइल. स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल टाकायच्या झाकणालाच पट्टी असते, तिला डिपस्टिक म्हणतात. पल्सरसारख्या गाड्यांत इंजिनला खाली काचेची खिडकी असते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर बघितलेली लेव्हल खोटी असते. तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. पट्टी फडक्यानं पुसा, पुन्हा आत सोडा. बऱ्याच गाड्यांत ती फिरवून कसायची नसते, नुसती टेकवायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते एकदा वाचून घ्या. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे पाहिजे. काच असेल तरी तेच.

आता रंगाबद्दल. काळं ऑइल दिसलं की लोक घाबरतात. काळं होणं हे ऑइलचं कामच आहे, आतली काजळी ते स्वतःत घेतं. मला जास्त संशय येतो तो जुन्या गाडीत मधासारखं स्वच्छ ऑइल दिसलं तर. गाडी विकायची म्हणून कालच बदललं असेल, तर आधीचं ऑइल काय सांगत होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. इंजिनचा आवाज आणि धूर दाबायला मुद्दाम जाड ऑइल टाकायची युक्तीही जुनी आहे. म्हणून नुसतं बघू नका, बोटांत घेऊन चोळा. चमचम करणारे बारीक कण लागले तर आत धातू घासतोय. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या आहेत, आत कूलंटचं पाणी नसतंच. म्हणजे पाणी बाहेरून गेलं, गाडी पुरात उभी राहिली असेल किंवा धुताना गेलं असेल.

शेवटी खाली वाका आणि ड्रेन बोल्ट बघा. बोल्टचं डोकं गोल झालेलं असेल, भोवती एम-सील किंवा टेपचा लेप असेल, तर आतले आटे गेलेत. ही गोष्ट किंमत कमी करायला चांगली कामी येते.

गाडी आणली, पहिलं काम

विकणाऱ्यानं काहीही सांगितलेलं असो, गाडी घरी आली की आतलं सगळं ऑइल काढा आणि स्वतःच्या हातानं नवीन भरा. ज्या दिवशी तुम्ही भरलं, त्या दिवसापासून तुमचा हिशोब सुरू.

कोणतं ऑइल? मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते. नवीन हिरो गाड्यांना १० डब्ल्यू ३० चालतं, रॉयल एनफील्डला १५ डब्ल्यू ५०. "जाड ऑइल चांगलं" असं कुणी सांगितलं म्हणून बदलू नका. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं पाहिजे. आपल्या मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं. ते किंवा कारचं ऑइल बाइकमध्ये टाकलं तर क्लच घसरायला लागतो. डबा ८००, ९०० की १००० मिलीचा, तेही वाचा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत बदलताना पुरा लिटर लागत नाही, आणि "उरवून काय करायचं" म्हणून सगळं ओतणं चुकीचं आहे. सुटं ऑइल घेऊ नका. सील बघा, बिल घ्या. बिल धंद्याच्या खर्चाला लागतंच.

बदलायची पद्धत थोडक्यात: गाडी चार मिनिटं तापवा, बंद करा, वरचं झाकण उघडा, खाली जुनं घमेलं ठेवा, बोल्ट काढा. ऑइल गरम असतं, हात सांभाळा. दहा मिनिटं निथळू द्या, चावी बंद ठेवून दोन-चार हळू किक मारा, म्हणजे उरलेलं येईल. आत डिझेल-रॉकेल टाकून धुवायच्या भानगडीत पडू नका, ते थोडं तरी आत राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. बोल्टचं वायसर नवीन घ्या, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. बोल्ट आधी हातानं फिरवा, सरळ बसला की मगच पाना लावा. अंगावर जोर देऊन कसू नका, आटे याच वेळी जातात. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टरही बदला. स्प्लेंडरसारख्या गाडीत तो नसतो, आत जाळी आणि फिरता फिल्टर असतो. तो मेकॅनिककडून एकदा उघडून साफ करून घ्या, कारण आधीच्या मालकानं तो बहुतेक कधीच उघडलेला नसतो. नरसाळ्यानं थोडं कमी भरा, दोन मिनिटं चालवा, थांबा, लेव्हल बघा, मग पूर्ण करा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर गळती आहे.

निघालेलं ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. तुमच्यापैकी काही जण ऑइल चेंज पॉइंट काढायचं म्हणतात, त्यांनी हे आत्ताच लक्षात घ्या: २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्यालाच द्यावं लागतं.

आता वही उघडा

समजा तुम्ही रोज ६० किलोमीटर फिरता, महिन्यात २६ दिवस. झाले १५६० किलोमीटर. ऑइल ४०० आणि मजुरी ५० धरा. दर ३००० किलोमीटरला बदललं तर किलोमीटरला १५ पैसे. पेट्रोल १०५ रुपये आणि अ‍ॅव्हरेज ५० धरलं तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे. म्हणजे ऑइलचा खर्च पेट्रोलच्या चौदाव्या हिश्शाइतका.

कुणी म्हणेल, कंपनी तर ६००० सांगते, मधे टॉप-अप करा म्हणते. बरोबर आहे. पण ते सुस्थितीतल्या गाडीसाठी. तुमची गाडी जुनी, मागे ४० किलोचा माल, शेतरस्त्याची धूळ आणि मे महिन्यात अमरावती-अकोल्याचं ४५ च्या पुढचं ऊन. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल गार ठेवायचंही काम करतं. म्हणून माझं मत ३००० चं. ६००० ला बदललं तर वर्षाला तीन वेळचे, म्हणजे १३५० रुपये वाचतील. समजा त्यापायी इंजिनचं काम निघालं, ८००० रुपये आणि चार दिवस गाडी बंद, रोजची कमाई ६००. गेले १०,४००. वाचवलेल्या १३५० नं ते भरून काढायला साडेसात वर्षांहून जास्त लागतील, आणि त्या चार दिवसांत तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडून माल घ्यायला शिकेल ते वेगळंच.

वहीत पाच रकाने करा: तारीख, मीटरचा आकडा, कोणतं ऑइल, किती मिली, किती रुपये. जुन्या गाडीचं मीटर अनेकदा बंद असतं, तेव्हा पेट्रोल मोजा. ५० च्या अ‍ॅव्हरेजला ६० लिटर पेट्रोल संपलं की ३००० किलोमीटर झाले. दर रविवारी लेव्हल बघा आणि वरून टाकावं लागलं तर तेही लिहा. हा टॉप-अपचा रकाना सगळ्यात कामाचा. दर हजार किलोमीटरला २०० मिली लागायला लागलं आणि खाली डाग नाही, तर ऑइल आत जळतंय. अशा वेळी गाडी बंद पडायची वाट बघू नका. महिन्याला हजार रुपये बाजूला टाकायला लागा, आणि संत्र्याची, यात्रेची गर्दी नसेल असा आठवडा निवडून मेकॅनिकला आधीच तारीख देऊन ठेवा.

पुढच्या व्हिडिओत चेन आणि स्प्रॉकेट बघू. तोपर्यंत आपल्या गाडीचा ड्रेन बोल्ट एकदा खाली वाकून बघून घ्या.