पाळी चुकलीय, हे आधी सांगा

दसऱ्याला पाळी चुकली आणि दिवाळी होताच आमची टोळी कोल्हापूरकडे निघाली. बीडकडच्या ऊसतोड बायांचं असंच होतं. गरोदरपणाची नोंद पहिल्या 12 आठवड्यांत व्हावी असं सरकार सांगतं, आणि नेमके तेच आठवडे फडात जातात. गावच्या आशाताईला कळायच्या आत आम्ही निघालेलो. कारखान्याच्या गावात गेलं की, "तुम्ही बाहेरगावच्या, आमच्या यादीत नाही."

उजव्या अंगाला ओटीपोटात कळ यायची, अंगावरून थोडं लाल जायचं. मुकादम म्हणाला, खाडा केला तर पैसे कापीन, उचल फिटायचीय अजून. जवळच्या खासगी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. पाळी कधी आली होती, हे कुणी विचारलंही नाही. मग एका सकाळी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. खांदाही ठणकत होता. मालकांनी 108 ला फोन लावला म्हणून वाचले. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत वाढून नळी फुटली होती. पोटात रक्त साचलेलं.

नळीत गर्भ राहतो तो ऊस तोडल्यामुळे नव्हे. शहरातल्या बाईलाही तसं होतं. पण तिची सोनोग्राफी वेळेत होते आणि कधी कधी नुसत्या औषधावर भागतं. आमच्या जिवावर बेततं. हा फरक मला अजून सहन होत नाही.

म्हणून बायांनो, पाळी चुकली की आशाताईला गाठा. लघवी तपासायचं किट तिच्याकडे फुकट मिळतं. निघण्याआधी नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, रक्त तपासून घ्या, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बरोबर ठेवा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कोपीत ओल येते. ते कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही दाखवा; कुणी परत पाठवू लागलं तर गावच्या आशाताईला तिथूनच फोन लावून द्या. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी. त्या दिवसाच्या खाड्याचं उचल घेतानाच मुकादमाशी बोलून घ्या, कारण पैसे हातात पडल्यावर तो ऐकत नाही.

एका अंगाला कळ, चक्कर, खांदा दुखणं, अंगावरून जाणं, यातलं काहीही झालं तर फड सोडा, 108 लावा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्यांदा हेच सांगा: पाळी चुकलीय.