आधी तोल, मग ताकद

प्रश्न : नवशिक्याच्या फोमच्या विमानाला दोन सेलऐवजी तीन सेलची लिपो बॅटरी चालेल का? (कतारगाम, सुरत)

उत्तर : तोल तपासल्याशिवाय बॅटरी बदलू नये. बहुतेक शिकाऊ विमानांचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर असतो. तिथे पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचललं की नाक किंचित झुकावं. शेपूट खाली गेली, तर विमान आवरत नाही. जड बॅटरी पुढे-मागे सरकवून हा तोल पुन्हा साधावा लागतो.

दोन सेलच्या 7.4 व्होल्टऐवजी तीन सेलचे 11.1 व्होल्ट दिले, की त्याच प्रोपेलरवर करंट दुपटीच्या आसपास जातो. मोटर तापते, ईएससी (मोटरचा वेगनियंत्रक) जळू शकतो. त्यामुळे मोटर आणि ईएससी तीन सेलना चालतात का ते पाहावं, प्रोपेलर लहान घ्यावा आणि वॉटमीटरने करंट मोजावा. हा जास्त ताकदीचा मोह बहुधा महागच पडतो.

विमान आदळलंच, तर दुरुस्तीला फोमसाठीचाच गोंद हवा. साध्या सुपरग्लूने थर्माकोल विरघळतो.

कतारगामच्या दाट वस्तीत उडवू नये. मोकळं मैदान शोधावं, उडवण्याची मुभा कुठे आहे ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहावा. डुमस-मगदल्ल्याकडे विमानतळ आहे, म्हणून तिकडे टाळावं. उत्तरायणाच्या पतंगांच्या दिवसांत तर विमान घरीच बरं: मांजा प्रोपेलरला गुंडाळतो.