जुन्या चादरी द्या, उशा नकोत

प्रश्न : दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या चादरी, टॉवेल, कापसाच्या उशा, रद्दी आणि उरलेली औषधे निघाली आहेत. भटक्या प्राण्यांच्या निवारा केंद्राला दिली तर चालतील का?

उत्तर : चादरी, टॉवेल, रद्दी जरूर द्या. शस्त्रक्रियेनंतर भुलीतून बाहेर येणाऱ्या कुत्र्यामांजरांचे अंग गार पडते, तेव्हा विरलेला मऊ टॉवेल फार उपयोगी पडतो. वर्तमानपत्रे पिंजऱ्यात अंथरता येतात. उशा मात्र नकोत. कुत्री त्या फाडतात, कापूस गिळतात आणि तो आतड्यात अडकला तर पोट उघडण्याची वेळ येते.

चादरी डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवल्या असतील, तर धुऊन कडक उन्हात वाळवा. घडीत एकही गोळी राहू देऊ नका, ती प्राण्यांना विषारी असते. घरातला कुत्रा पार्व्होने गेला असेल, तर त्याचे अंथरूण देऊच नका. हा विषाणू महिनोन्महिने टिकतो, साध्या धुण्याने जात नाही आणि लस न टोचलेली पिल्ले त्याने दगावतात.

औषधे तर परस्पर कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

नेण्याआधी फोन करा. पावसाळ्यात धुतलेले वाळत नाही, तेव्हा चादरी कमी पडतात. घरात जागा असेल, तर अर्धा गठ्ठा जूनसाठी राखून ठेवा.