बांधावर बसून काढलेले चित्र

शेताच्या बांधावर पाच-सहा माणसे बसतात. एक डोळा मिटतात. पेन्सिल उभी धरून डोंगराकडे बघतात. मग गावातले कोणीतरी येऊन विचारते, “काय मोजायलात, पाव्हणं? इथून रस्ता जाणार का?”

भिऊ नका. आमच्याजवळ साखळी नाही, मोजणीचा नकाशा नाही. आम्ही चित्रे काढणारी मंडळी आहोत. समोर दिसते ते तिथेच बसून कागदावर उतरवतो. अशा चित्राला निसर्गचित्र म्हणतात.

पण आम्ही मोजतो, हे मात्र खरे! बांधावरचे झाड अख्ख्या पेन्सिलीएवढे दिसते. मागचा डोंगर अर्ध्या पेन्सिलीएवढाच भरतो. खरे म्हणजे डोंगर केवढा मोठा! पण लांबची वस्तू लहान दिसते. जशी दिसते तशीच ती काढायची.

रंगाचेही तसेच आहे. आपल्या बीड जिल्ह्यात बालाघाटचे डोंगर आहेत. जवळचा डोंगर हिरवा नाही तर तांबूस दिसतो. लांबचा निळसर दिसतो. तो काही निळा नसतो. मधल्या हवेमुळे तो तसा दिसतो.

बीड शहरात कंकालेश्वराचे देऊळ आहे. देऊळ काळ्या दगडाचे, भोवती कुंड. कुंडात पाणी असले, की त्यात देऊळ उलटे दिसते. पाणी काढायचे म्हणजे पाण्यात जे दिसते ते काढायचे. लख्ख ऊन पडले असेल तिथे रंग लावायचाच नाही. कोरा कागद सोडला, की तेच ऊन! काम मात्र भराभर करावे लागते. सूर्य कोणासाठी थांबत नाही. दोन तासांत सावल्या सरकतात.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यांनी आबालाल रहिमान यांची गोष्ट ऐकावी. ते कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि आपल्या गावी परत आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थाचे तळे, रंकाळा, पंचगंगेचा काठ, अशा गावच्याच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. १९३१ साली ते वारले. शहर वाढले, बदलले. पण त्यांनी पाहिलेले कोल्हापूर त्यांच्या चित्रांत आजही बघायला मिळते.

आपल्याकडे काय आहे? १९७२ चा दुष्काळ पाहिलेली वडीलधारी माणसे सांगतात, “हा ओढा पूर्वी उन्हाळ्यातही वाहायचा. त्या विहिरीवर मोठा वड होता.” नातू विचारतो, “कसा होता, आजा?” दाखवायला काहीच नसते. एखादे चित्र असते तर?

ते काढायला बाहेरचा माणूस कशाला हवा? कोणता ढग बरसणार हे तुम्ही रंगावरून सांगता. मातीला ओल किती हे नुसते बघून ओळखता. तुमचे डोळे तयारच आहेत. हाताला तेवढी सवय हवी.

वहीचा कागद घ्या. पेन्सिल नसेल तर चुलीतला कोळसा घ्या. तांबड्याला गेरू आहे, पिवळ्याला हळद आहे. पहिल्या दिवशी एकच झाड काढा. बाभूळ असो की निंब, पण आपल्या दारातले असावे. वाकडे आले तरी फाडू नका. खाली गावाचे नाव घाला. तारीख घाला. आपली सही करा. आता लिहिता येतेच की!