ओल्या जागेच्या वर बघ

अगं, काल फोनवर तू इतकी घाबरून बोलून राहिली होतीस की मला मधे तोंड उघडताच आलं नाही. आता निवांत बसून सगळं सांगते. एटापल्लीला तुझ्या खोलीपुढे गाडीखाली रुपयाएवढा काळा ठिपका दिसला, शेजारचे सर म्हणाले, ‘इंजिन गेलं’, आणि तू रात्रभर जागलीस. इंजिन गेलेलं नाही, बाई. बाबांची ती मारुती ८०० आहे १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. एवढ्या वर्षांच्या गाडीखाली ठिपका पडला तर तो मरणाचा निरोप नसतो. कुठलं तरी रबर कडक झालंय, एवढंच ती सांगते आहे.

आधी सील म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे भीती निम्मी जाते. इंजिनातून फिरता दांडा जिथं बाहेर येतो तिथं एक रबरी कडं बसवलेलं असतं. त्याचा पातळ ओठ दांड्याला चिकटून असतो आणि तो चिकटलेला राहावा म्हणून ओठाच्या मागे बारीक गुंडाळी स्प्रिंग असते. हे ऑइल सील. दोन न हलणाऱ्या भागांच्या मधे असतं ते पॅकिंग. दोन्ही बहुतेक रबराच्या जातीची, आणि रबर उष्णतेनं वाळतं. आपल्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो, बॉनेटच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. त्यात बाबांच्या गुडघ्यांमुळे गाडी दोन वर्षं नुसती उभी होती. उभ्या गाडीत तेल फिरत नाही, ओठ कोरडा पडतो आणि जसा दांड्यावर टेकला तसाच कडक होतो. म्हणून गाडी चालू केल्यावर महिन्याभरात गळायला लागली. तू चालवलीस म्हणून ती बिघडलेली नाही. काल तू तीनदा तेच म्हणालीस, म्हणून आधी हे सांगितलं.

आता खरी गोष्ट. जुन्या इंजिनाला घाम येतो. त्याच्या अंगावर धूळ चिकटून काळा थर बसतो, खाली थेंब पडत नाही. त्याला हात लावायची गरज नसते. घामानंतर येतो पाझर, मग ठिपका, मग धार. तुझं प्रकरण ठिपक्यावर आहे. म्हणजे आठ दिवस शांतपणे बघायला वेळ आहे. मात्र रोज सकाळी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून बघायची. तेल दोन खुणांच्या मधे असलं की झालं. या गाडीच्या पोटात जेमतेम तीन लिटर तेल मावतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी ते मोठं असतं.

माझी चूक तुला सांगितलीच नाही मी कधी. घरात कुणालाच सांगितली नाही. तुझं शिक्षण चालू होतं तेव्हा याच गाडीच्या गिअरबॉक्सच्या बाजूला तेल दिसायला लागलं. एका मिस्त्रीनं खालून टॉर्च मारली आणि म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलं. मी मान डोलावली. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, उघडलंच आहे तर क्लचप्लेटही टाकली. सील शंभर-दोनशेचं, मजुरी आणि प्लेट मिळून त्या महिन्याचा माझा अर्धा पगार गेला. आठव्या दिवशी त्याच जागी तेल. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं काय केलं माहितीये? खाली वाकलाच नाही. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाखाली बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. या गाडीत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याच्या बुडाशी रबराची एक रिंग असते, ओ-रिंग म्हणतात. ती कडक झाली की तेल हेडवरून ओघळत गिअरबॉक्सवर येतं, आणि खालून बघणाऱ्याला वाटतं मागचं सीलच गेलं. त्या रिंगेची किंमत मला आठवतही नाही, इतकी कमी होती.

तेव्हापासून मी एकच धरून बसले आहे. तेल खाली वाहतं, आणि गाडी धावताना वाऱ्यानं मागे उडतं. त्यामुळे जिथं थेंब पडतो तिथंच बिघाड असेल असं नाही. जी सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा असेल तिथं बघायचं.

ती जागा शोधायची कशी? रविवारी सकाळी कर. इंजिन पूर्ण थंड असू दे. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेला जुना ब्रश घे आणि काळा थर खरवडून काढ. त्यावर साबणपावडरचं पाणी आणि मग बेतानं साधं पाणी. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरला आधी प्लॅस्टिकची पिशवी बांध. जोराचा फवारा अजिबात नको. रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत गाडी चालू करू नकोस. वाळलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरव: टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या कडेला, डिस्ट्रिब्युटरखाली, पेट्रोलपंप हेडला बसतो तिथं, ऑइल प्रेशरच्या स्विचभोवती, फिल्टरच्या तोंडाशी. मग गावाबाहेर दहा-पंधरा किलोमीटर फिरून ये आणि बघ. पांढऱ्या पावडरवर तेलाची वाट अशी उमटते की शाळेतल्या पोरालाही दाखवता येईल. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाक आणि चाकं कुठं होती ते त्यावर खुणेनं लिही.

पुठ्ठ्यावरचा रंगही बोलतो. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. ते बहुतेक चाकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून येतं. हिरवट, चिकट पाणी असेल तर रेडिएटर. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, पातळ, रंगाचा पापुद्रा काढणारं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल. तेव्हा मात्र गाडी जागेवरून हलवायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं.

आता जे बहुतेक लोक विसरतात ते. सील बदलायच्या आधी इंजिनाचा श्वास बघ. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून टॅपेट कव्हरपासून एअर क्लिनरकडे एक रबरी नळी जाते. ब्रीदर म्हणतात तिला. आपल्याकडच्या कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत चाललेल्या गाडीची ही नळी आत चिखलासारख्या तेलानं बुजून जाते. मग पोटातला वायू वाट शोधतो आणि जो ओठ सगळ्यात कमजोर, तिथून तेलाला ढकलतो. अशा गाडीला तू नवं कोरं सील टाकलंस तरी ते दोन महिन्यांत पाझरेल आणि तू दुकानदाराला दोष देत बसशील. नळी काढ, आतून धू, फुंकून बघ, वाळल्यावर पुन्हा लाव. फाटली असेल तर नवी टाक. आणि इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण काढून बघ. किंचित धूर आला तर चालेल. चुलीसारखा भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, मग सीलवर पैसे घालण्याआधी मला सांग.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग तू स्वतः बदलू शकतेस. खरंच सांगते, मी केलंय. जुनं पॅकिंग काढल्यावर दोन्ही कडा कापडानं आरशासारख्या पूस. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नकोस, चरा पडला की तिथूनच गळतं. नवं रबर कोरडंच बसव. सिलिकॉनचा लेप फासायची सवय इथल्या गॅरेजांत फार आहे. जिथं कोपरा आहे तिथं मुगाच्या दाण्याएवढा पुरे. जास्तीचा लेप आत तुटून पडतो, चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या जाळीला चिकटतो आणि इंजिनाचं तेल अडवतो. नट आधी हातानं बसव, मग पान्यानं आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. जोर लावलास तर कव्हर वाकेल आणि गळती वाढेल. डिस्ट्रिब्युटर काढायचा झाला तर काढण्याआधी त्याच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक रेघ रंगानं मार. बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाहीतर टायमिंग बिघडतं.

बेल्टच्या बाजूची दोन सीलं, कॅमचं आणि क्रँकचं, ती मिस्त्रीकडूनच करून घे. तिथलं तेल टायमिंग बेल्टवर पडलं तर बेल्ट फुगतो आणि कधी तुटेल सांगता येत नाही. ती बाजू उघडली की दोन्ही सीलं आणि बेल्ट एकदमच बदलायचं. एक एक करून तीनदा मजुरी देऊ नकोस. काम चालू असताना तिथं उभी राहा. लाजू नकोस. जुनं सील हातात मागून घे. त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये, नव्यावर तेच हवेत. स्प्रिंगची बाजू तेलाकडे गेली पाहिजे, आणि बसवण्याआधी ओठाला बोटभर तेल लावलंय ना ते बघ, कोरडा ओठ पहिल्या फेरीतच जळतो. दांड्यावर जुन्या ओठानं चरा पाडला असेल तर मिस्त्रीला म्हण, सील मिलिमीटरभर आतबाहेर बसवा, म्हणजे नवा ओठ कोऱ्या जागेवर येईल. त्याला कळेल की पोरीला समजतं.

आणि गळती बंद करणाऱ्या त्या बाटल्या घेऊ नकोस. त्या रबराला फुगवतात. चार दिवस थांबतं, मग रबर पार मऊ होऊन जातं.

तुझ्या रस्त्याची मला जास्त काळजी आहे. आष्टी ते आलापल्ली खनिजाच्या ट्रकांनी काय हाल केलेत ते तू येताजाता बघतेस. ८०० बुटकी गाडी. दगड चेंबरला लागला की ड्रेन नटाजवळ चीर जाते. धार ती हीच. तेलाचा लाल दिवा लागला तर त्या क्षणी इंजिन बंद कर. ‘आलापल्ली आठ किलोमीटर राहिलं’ असं मनात आणू नकोस, त्या आठ किलोमीटरमध्ये बेअरिंग जातात. डिकीत एक लिटर तेल, २० डब्ल्यू ४०, कायम ठेव. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचंच. आणि कधी चाकं पाण्यात गेलीच, तर दुसऱ्या दिवशी गिअर ऑइल बघ. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदल. उन्हाळ्यात तर अजून एक: सायलेन्सरच्या पाइपावर तेल ठिबकत असेल तर गाडी सागाच्या वाळल्या पानांवर उभी करायची नाही. मार्चपासून आपलं जंगल कसं पेटतं ते आपण लहानपणापासून बघितलंय.

सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याची किरण कुर्मा आठवते ना? अर्थशास्त्र शिकलेली पोरगी, त्या आडरस्त्यांवर प्रवाशांची टॅक्सी चालवायची, नंतर इंग्लंडला लीड्सला शिकायला गेली. आई तिचं नाव घेते तेव्हा तुझ्याकडे बघते, माहितीये मला. त्या रस्त्यांवर गाडी चालवणारी तू पहिली नाहीस.

खाली शिरायचं काम पडलं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. चाकाखाली दगड आणि गाडीखाली लाकडाचा ओंडका, मगच पाठ टेकवायची. काढलेलं जळकं तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नकोस; ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये साठव, येताना घेऊन ये, इथं ते गोळा करणारा माणूस आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर नीघ. गोंडपिपरीला पोचलीस की फोन कर. मी टॅपेटचं पॅकिंग, ओ-रिंग आणि ड्रेन नटाचा नवा वायसर आणून ठेवते. तू पुठ्ठा आण. पुसू नकोस, जसा असेल तसाच आण.