वाटाण्याचं रोप

प्रश्न : सिडकोत माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. ऑर्डर वाढतायत, पण ‘एकदा दुकान झालं की निवांत’ म्हणत सगळा आनंद पुढे ढकलला जातो. काय करू?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आठवा. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप झरझर वाढलं. पैसे देणाऱ्यांनी तेवढंच पाहिलं. पान न् पान फुटताना पाहिलं ते फाळक्यांनी. दिवस काही गोडगोड नव्हते, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला.

तुमचं रोजचं पान कोणतं? खोबरं नेमकं भाजल्याचा वास, जुन्या गिऱ्हाइकाचा ‘तोच मसाला पाठवा’ असा फोन. रोजमेळात जमाखर्चाखाली त्याचीही एक ओळ लिहा. निवांतपणाचं म्हणाल, तर दुकानामागून भाडं आणि कामगारांचे पगार येतात, सुट्टी येत नाही. ती आत्ताच ठरवा. बुधवारी घ्या, आणि गोदाकाठचा बाजार मिरचीचे भाव न विचारता फिरून या.