आजोबांचें पत्र

विद्यार्थिमित्रहो, आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही त्याच भाषेंतून मिळे. त्यामुळें इकडील अनेक घरांतील जुनीं पत्रें उर्दू लिपींत आहेत.

अशा उर्दूभाषी घरचा मुलगा परदेशांत वाढला, तर आजीचें बोलणें त्याला समजतें. आजोबांचें पत्र मात्र वाचतां येत नाहीं. ही विद्या त्यानें पुनः कशी मिळवावी?

ही लिपि उजवीकडून डावीकडे चालते आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहींत. ‘किताब’ लिहितांना क, त, आ, ब एवढींच अक्षरें येतात. ‘कि’मधील इकार वाचकानें ओळखावयाचा असतो. जो शब्द कानांनीं ऐकिला नाहीं, तो डोळ्यांना नीट वाचतां येत नाहीं. म्हणून त्यानें आधीं आजीशीं रोज बोलावें, नंतर अक्षरें गिरवावीं. मराठीही त्याला हात देईल. अर्ज, वसूल, जमीन, फिर्याद हे शब्द दोहोंकडे आहेतच.

अक्षरें पुस्तकांत राहतील. आजीचा आवाज मात्र कायमचा राहणार नाहीं. यासाठीं, मित्रहो, आरंभ आजच करावा.